रुसव्यावरचा प्रबंध

धावड्याच्या कडूबांचा भुजंग हैदराबादेत एम. ए. झाला आणि तेवढ्यावर न थांबता पीएच. डी.ला बसला, तेव्हा पोरगा पास झालाय की नापास हेच गावाला कळेना. पास झाला असता तर नोकरी धरली असती, नापास झाला असता तर वखर धरला असता. हा दोन्ही धरीना. त्याची आई सोनूबाई विचारणाऱ्याला एवढंच सांगे, "मोठं बुक लिहून राह्यलाय." पुढं कुणी काही विचारलं तर ती जात्याचा आवाज वाढवी.

भुजंगनं विषय निवडला होता 'हिंदुस्थानातील विवाहसंस्था, वेदकाळापासून आजपर्यंत'. त्याचे मार्गदर्शक प्रोफेसर मोईनुद्दीन यांनी तो वाचला, पानाला चुना लावला आणि विचारलं, "मियाँ, उम्र क्या है तुम्हारी?"

"सत्ताईस."

"तो ये काम तुम्हारा पोता पूरा करेगा. छोटा करो."

भुजंगनं हिंदुस्थानचं दख्खन केलं. प्रोफेसर म्हणाले, और छोटा. दख्खनचा मराठवाडा झाला, मराठवाड्याचा भोकरदन तालुका झाला, तरी त्यांचं आपलं 'और छोटा' चालूच. शेवटी भुजंग चिडून बोलला, "मग काय साहेब, लग्नात मामा का रुसतो, एवढ्यावरच लिहू?"

प्रोफेसरांनी पान खाली ठेवलं. "हौ. यहीच लिखो."

भुजंग चपापला, कारण ते त्याच्या तोंडून उगाच निघालं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याचे मामा, जाफराबादचे काकासाहेब, भरल्या मांडवातून गाडी जुंपून निघून गेले होते. ते गेले ते आजतागायत बहिणीच्या उंबऱ्याला शिवले नव्हते.

अर्ज दफ्तरात गेला तो तिथंच अडकला. 'शादी में रुसवा' हे शीर्षक वाचून कारकुनानं दोन्ही कानांना हात लावले. प्रबंध उर्दूत लिहायचा, आणि उर्दूत रुसवा म्हणजे बदनाम. हा मराठा पोरगा लग्नातल्या लफड्यांवर लिहिणार, असं त्याला वाटलं. 'रूठना' असा शब्द घालून अर्ज पुढं सरकेपर्यंत हैदराबादेत भुजंगची पुरेशी बदनामी होऊन गेली होती.

तो गावी आला तो भलीमोठी प्रश्नावली घेऊन. पहिलाच प्रश्न होता, 'आपण कधी लग्नात रुसला होता काय? असल्यास कारण द्यावे.' तालुक्यात एकही माणूस रुसलेला सापडेना. "मी? छ्या! रुसणारे सगळे तिकडं वालसावंगीला," असं धावड्यानं सांगितलं. वालसावंगीनं त्याला जाफराबादकडं पिटाळलं. लढाईचे दिवस होते, सरकार सक्तीनं धान्याची लेव्ही वसूल करत होतं. त्यामुळं आता रुसण्यावर पट्टी बसणार, अशी आवई उठली आणि होते नव्हते ते मानकरी एकदम गोडीगुलाबीनं वागायला लागले. एका पाटलाला तर प्रश्नाचाच राग आला. तो पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठून गेला. भुजंगनं त्याची पहिलं उदाहरण म्हणून नोंद केली.

प्रोफेसरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'सवाल फाड डालो. खाने का पूछो और चुप बैठो.'

म्हणून भुजंग जाफराबादेला मामांच्या ओसरीवर जाऊन बसला. मामा दोरखंड वळत होते. त्यांनी भाच्याकडं पाहिलं न पाहिलं केलं. मामी तुळजाबाई मात्र पाणी घेऊन आली.

"मामा," भुजंग म्हणाला, "माझ्या लग्नात जेवायला काय होतं?"

"मला काय माहीत? म्या जेवलो कुठं?" मामा दोरखंडाशी बोलले.

भुजंगच्या जिभेवर 'का?' आला होता, तो त्यानं गिळला. गप्प बसणं त्याला फार जड गेलं. पण मामांना ते त्याहून जड गेलं.

"बुंदी होती म्हणतात," मामा बोलले. "ही मागं राहून जेवून आल्ती, हिला विचार. मला कुणी पंगतीला बोलवायलाच आलं न्हाई. कपड्याच्या दुकानाचा मूलचंद शेठ, त्याला हाताला धरून नेला. अन् नवरदेवाचा सख्खा मामा खांबाला टेकून उभा! मंग म्या गाडी जुंपली."

भुजंगनं पाण्याचा घोट घेतला.

"पण हळू हाकली बरं का." मामांचे हात थांबले. "बैल पळून राह्यले होते, म्या कासरा वढून धरला. म्हणलं, सोनी मागून हाक मारील. वढ्यापस्तोर वाट पाह्यली. वढ्यात बैलाला पाणी पाजलं. बैल पीत न्हाईत तरी पाजलं!"

मामी पदर तोंडाला लावून आत गेली. भुजंगनं फक्त मान हलवली.

घरी येऊन त्यानं आईलाही तेच विचारलं, बुंदी कशी झाली होती? सोनूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बुंदीला काय झालं होतं? पण माझ्या घशाखाली उतरली न्हाई. काकासाहेब गाडीत बसला, म्या दारातून पाहून राह्यले होते. हाक मारणार, तर गाडी इतकी हळू चाललेली, मला वाटलं बैल पाय मोकळे करायला नेलेत, येईलच माघारी. मी त्याचं ताट वाढून ठिवलं. माशा बसल्या त्याच्यावर."

आता भुजंगची पंचाईत सुरू झाली. मामाची बाजू त्याला ठाऊक, आईची बाजू ठाऊक, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही, नावं लपवायची, अशी प्रोफेसरांची सक्त ताकीद. आई मामाच्या नावानं बोटं मोडू लागली की तो उठून गोठ्यात जाई. दोघांना एकमेकांचं सांगू द्या, असं विनवणीचं पत्र त्यानं हैदराबादेला धाडलं. उत्तर आलं, 'तहकीकात करने गये हो या सुलह कराने? लिखना शुरू करो.'

पण लिहायचं म्हटलं की भुजंगला आणखी एक लग्न पाहून यावंसं वाटे. आणखी एक विहीण राहिलीय, आणखी एक मावसा राहिलाय, असं करता करता त्यानं दोन लग्नसराया काढल्या. घरोघरची बुंदी खाऊन अंगरखा तंग झाला, पण पान एकही लिहून झालं नाही. शेवटी त्याची बायको पुष्पाबाई बोलली, "अवो, तुम्ही लग्नाला जाऊन न्हाई राह्यले, तुम्ही लिहायला भिऊन राह्यले. आजपासून आधी पान दाखवायचं, मंग चहा."

"अगं, पण ते चांगलं उतरायला पाहिजे ना!"

"मला कुठं उर्दू वाचता येती? पान भरलेलं दिसलं पायजे, बस."

भुजंग चहाचा पक्का. पहिले काही दिवस त्यानं जे लिहिलं ते त्याला स्वतःलाच वाचवेना. पण पानं साठत गेली, वाईट पानांतून बरी पानं निघाली आणि वर्षाच्या आत प्रबंध उभा राहिला.

धाडण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखव, असं प्रोफेसरांनी बजावलं होतं. मामांनी बाजाराच्या दिवशी मूलचंद शेठच्या दुकानात वाचायला सांगितलं. भाचा आपल्यावर लिहितो हे मूलचंदनंही ऐकावं, हा त्यातला डाव. भुजंग गादीवर बसून उर्दूवरून मराठीत सांगू लागला. "गृहस्थ 'क' यांना कुणी पंगतीला बोलावले नाही…"

"क कोण?" मामांचा आवाज चढला. "माझं नाव कुठंय?"

"नाव लपवायचं असतं, मामा."

"म्या काय चोरी केली?"

मूलचंद शेठ त्यांना समजावत होता, तेवढ्यात लुगडं घ्यायला म्हणून दारात सोनूबाई उभी. भावाला पाहून ती थबकली, मग तरातरा आत आली आणि दोघांकडं पाठ करून लुगड्यांच्या चवडीपुढं बसली. भुजंगनं कागद मिटले.

"थांबलास कामून? वाच," मामा म्हणाले.

भुजंगनं बिचकतच कागद उलगडले. तो वाचू लागला. 'क' नं कासरा ओढून धरला, ओढ्यात तहान नसलेल्या बैलांना पाणी पाजलं, इथवर आलं तेव्हा लुगड्यांच्या चवडीकडून आवाज आला, "शेठ, लई येडा दिसतो तो क."

"येडा न्हाई," मामा शेठकडं बघून म्हणाले. "त्याला बहीण होती ना एक? तिचं काय म्हणणं?"

भुजंगनं आईच्या पाठीकडं पाहिलं. "ते वाचू?"

"वाच म्हणावं," आई मूलचंदला म्हणाली. "मला काय करायचंय?"

भुजंगनं वाचलं. हळू जाणारी गाडी, माघारी येईल हा अंदाज, वाढून ठेवलेलं ताट. मूलचंद कापड मोजायचा गज उगाचच पुसत राहिला.

"हाक मारायला पायजे होती तिनं," मामा हळूच म्हणाले.

"अन् त्यानं गाडी पळवायला पायजे होती!" सोनूबाई गर्रकन वळली. "पळवली असती तर म्या मागं धावले असते ना, काकासाहेबा!"

मामांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि मूलचंदला म्हणाले, "शेठ, ते हिरवं काढा. ते न्हाई, काठाचं. बहिणीला घ्यायचंय."

प्रबंध हैदराबादेला पोहोचला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक करड्या चेहऱ्याचे परीक्षक आले. त्यांनी भुजंगला समोर बसवलं, प्रबंध उघडला, मिटला, चष्मा काढला. भुजंगनं पाठ केलेली सगळी पुस्तकं त्याच्या डोक्यातून त्याच क्षणी उडून गेली.

"मेरे बड़े साले साहब," परीक्षक घसा साफ करत म्हणाले, "ग्यारह साल से हमारे घर नहीं आए."

भुजंग काही विचारणार होता, पण सवयीनं गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "साहब, उस दावत में खाने में क्या था?"

परीक्षकांनी खुर्ची पुढं ओढली. शिपायानं चहा आणला, नेला, पुन्हा आणला. कोपऱ्यात प्रोफेसर मोईनुद्दीन पान जुळवत होते आणि परीक्षक बिर्याणीवरून सासऱ्यांपर्यंत येऊन पोहोचले होते.