लाईट आली तेव्हा

काल दुपारी लाईट जाऊन आली आणि शेजारची पोरं ओरडली, "आली, आली!" माझ्या ओव्हनवर १२:०० लुकलुकायला लागलं. कणीक मळता मळता माझे हात थांबले.

मामानं दुबईहून आणलेला घड्याळाचा रेडिओ आम्ही गडमुडशिंगीच्या घरात अशाच एका दुपारी लावला होता. त्यात सीडीसुद्धा वाजायची. वेळ कशी लावायची ते पुस्तकात बघेपर्यंत लाईट गेली. आप्पा उठले. "परसातल्या मोटारीची वायर तेवढी जोडून येतो. तवर त्याला हळदकुंकू लावा की."

"आधी फ्यूज काढा," आई म्हणाली.

"लाईटच न्हाय तर फ्यूज कशाला काढायचा?"

आईनं काळ्या प्लास्टिकला हळदकुंकवाची बोटं लावली. मी भजनाची सीडी आत घातली. नव्या प्लास्टिकच्या वासात उदबत्तीचा वास मिसळला होता. परसातून आप्पांची शीळ ऐकू येत होती. मी डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाले, "देवा, आत्ताच्या आत्ता लाईट येऊ दे."

आली. लाल १२:०० लुकलुकायला लागलं. मी टाळ्या पिटल्या, आईही हसली.

शीळ थांबलीय हे आधी तिच्याच ध्यानात आलं. "आवो," तिनं परसदारातून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा घड्याळात १२:०३ झाले होते.

काल शेजारची पोरं नाचत होती. मी कणकेच्याच हातांनी एकेका खोलीत जाऊन घरातली माणसं मोजून आले.