घारूची खुर्ची

माझा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, क्रेन चालवतो. इमारतींपेक्षा उंच असते ती. सकाळी शिडीनं वर चढला की संध्याकाळीच खाली. म्हणून आम्ही त्याला घारू म्हणतो. त्या लोकांत एक रीत आहे: मध्येच खाली उतरणं म्हणजे नाचक्की, कारण खालचं सगळं काम थांबतं. मग उतरावं लागू नये म्हणून घारू दिवसभर पाणीच पीत नसे.

एकदा जेवायला आला आणि उभ्यानंच जेवला. मी म्हटलं, "अहो, बसा की."

"कंबर धरलीय, दादा."

"कंबर कसली," बहीण म्हणाली. "सकाळी संडासात जातात ते घामेघूम होऊन बाहेर येतात. रक्त पडतं. मूळव्याध म्हणून दुकानातलं कुठलं तरी मलम चोपडतात, महिनोन् महिने."

इकडे मुकादमाच्याही नजरेत आलं होतं. घारू केबिनमध्ये बसलेला असला की काचेतून खालून नुसतं डोकं दिसायचं. हल्ली थेट कमरेच्या पट्ट्यापर्यंत दिसू लागला. मुकादमानं सांगून टाकलं, "उभ्यानं क्रेन चालवायची नाही. महिनाअखेर बसता आलं नाही, तर दुसरा माणूस बसवतो."

मीच त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून त्या म्हणाल्या, "मूळव्याध नाही, चीर आहे. कडक शौचानं कातडी फाटली. दुखतं म्हणून आतला स्नायू आवळून बसतो. आवळला की रक्त कमी पोचतं, मग चीर भरत नाही, पुन्हा दुखतं."

घारूचा चेहरा एकदम उजळला. दुखणं गेलं बाजूला. "म्हणजे आमच्या ब्रेकसारखं! वीज गेली की तो आपोआप आवळतो. सोडवल्याशिवाय सुटत नाही."

बाई हसल्या. "तर मग सोडवू या. भरपूर पाणी, भाज्या, फळं, इसबगोल. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात बसायचं. आणि स्नायू सैल करणारं मलम."

पहिल्या मलमानं त्याचं डोकं ठणकायला लागलं. एवढ्या उंचावर ते कसं चालायचं? पुन्हा गेलो, तेव्हा बाईंनी दुसरं दिलं.

"आणि नाहीच भरली तर?" मी विचारलं. मला राहवेना.

"स्नायू सैल करायचं इंजेक्शन असतं. शेवटी छोटं ऑपरेशन, स्नायूचा थोडासा भाग कापायचा. बहुतेकांना गुण येतो. पण क्वचित कुणाला नंतर वारा आवरत नाही."

"ब्रेक कापायचं शेवटीच बघू," घारू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घारू शिडी उतरू लागला. खाली काम थांबलं, माना वर झाल्या. मुकादम ओरडला, "काय रे, पाणी प्यायला आलास? वर न्यायला काय झालं?"

"वर नेलंय. सोडायला आलोय."

सगळे हसले, मुकादमसुद्धा. तेव्हापासून घारूचं उतरणं हीच सगळ्यांची सुट्टी झाली.

महिनाअखेरीस मी मुद्दाम तिकडून गेलो. मुकादम उन्हासाठी कपाळावर आडवा हात धरून वर बघत होता. मीही पाहिलं. काचेत पट्टा नव्हता, सदराही नव्हता. नुसतं डोकं दिसत होतं आणि पाण्याच्या बाटलीचं बूड.