शहाण्णव किलोचे बाबा

आमच्या बाबांचं वजन शहाण्णव किलो होतं. ते त्यांना मान्य होतं, आम्हाला मान्य होतं आणि सगळ्या गल्लीलाही मान्य होतं. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी शहाण्णव, माझ्या लग्नातही शहाण्णव. मधे एकदा टायफॉइडने अंथरुणाला खिळले तेव्हा खाली आले खरे, पण बरे झाल्यावर बघता बघता जिथल्या तिथे. “माणसाने एकदा ठरवलं की बदलू नये,” असं ते म्हणायचे. “हे फक्त पोटाच्या बाबतीत,” असं आई म्हणायची.

बाबा आणि माझा काका वजनकाटे दुरुस्त करतात. खाली दुकान, वर घर, आणि मी लग्नानंतरही पलीकडच्याच गल्लीत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. तिच्या भिंतीला लागून भाजीवाल्यांचे, वाण्यांचे, दवाखान्यांचे काटे पोट उघडं टाकून पडलेले असतात. आतल्या स्प्रिंगा, दांडे, चकत्या बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडलेल्या. त्यावर पाय पडला तर काका बोलत नाही, नुसता बघतो, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. बाबा बाहेरची कामं करतात, गोदामांतले मोठे काटे तपासतात, गिऱ्हाइकांशी गप्पा छाटतात. काका दुकानात बसून बारीक कामं करतो. तो बाबांपेक्षा बराच लहान, अबोल आणि कमरेने अधू. एक काटा दोन दोन दिवस घेऊन बसेल, पण चालतंय म्हणून सोडून देणार नाही.

गेल्या वर्षी आत्याच्या किडन्या निकामी झाल्या. आत्या ही या दोघांची थोरली बहीण. माझी आजी लवकर गेली तेव्हा हिनेच दोघांना वाढवलं, दोघांचे कान उपटले, दोघांना धंद्याला लावलं. जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केल्यामुळे समोरच्याचं बोलणं मधेच तोडायची तिला सवय. आता ती एक दिवसाआड इस्पितळात जाऊन मशीनला जोडून घ्यायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. किडनी द्यायला दोघेही भाऊ पुढे झाले. काकाचा रक्तगट जुळला नाही. बाबांचं सगळं जुळलं.

“फक्त वजन तेवढं नव्वदच्या खाली आणा,” डॉक्टर म्हणाले. “भूल देणं, जखम भरणं, पुढे एका किडनीवर जगणं, सगळ्यालाच ते बरं. उतरलं की या, लगेच तारीख धरू.”

त्या दिवशी इस्पितळाच्या काट्याने बाबांना शहाण्णवच दाखवलं होतं. बाबांना कसला आनंद! “बघ, आपल्या दुकानातला काटा आणि यांचा काटा एकदम एक!” असं ते जिना उतरताना मला तीनदा सांगत होते. आपल्याला सहा किलो उतरवायचेत हे त्यांच्या डोक्यात गाडीत बसल्यावर शिरलं.

पण एकदा शिरल्यावर मात्र त्यांनी मागे पाहिलं नाही. पहाटे चालणं सुरू झालं, मग चालण्याचं भरभर चालणं झालं. गोदामांत लिफ्ट असली तरी जिना. ताटातला भात सोनाराच्या नाजूक काट्यावर तोलला जायचा. तेलाची बाटली तर आईच्या हातातून काढूनच घेतली होती. प्रत्येक घासाच्या कॅलऱ्या फोनमध्ये भरायच्या, आणि फोन त्यांना रोज रात्री शाबासकी द्यायचा. सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे कोपऱ्यातल्या आपल्या मोठ्या काट्यावर चप्पल काढून उभं राहायचं. काटा शहाण्णव दाखवायचा. कधी पाव किलो इकडे, कधी पाव किलो तिकडे, पण फिरून शहाण्णव.

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. बाबांना कुतूहल वाटायला लागलं. आयुष्यभर काटे का चुकतात हे शोधणाऱ्या माणसाच्या हाती आता तो स्वतःच सापडला होता. पाणी पिण्याआधी वजन, प्यायल्यानंतर वजन. केस कापण्याआधी, कापल्यानंतर. एकदा त्यांनी काटा वर आणून पलंगाशी ठेवला, झोपताना केलेलं वजन पाठ केलं आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा उभे राहिले. रात्रभरात अर्धा किलो कमी! ते धावतच स्वयंपाकघरात आले. “काही खाल्लं नाही, प्यायलो नाही, कुठे गेलो नाही. मग अर्धा किलो मी गेलो कुठे?”

“घोरण्यात,” आई म्हणाली.

ते अर्धं खरंच निघालं. श्वासातून आणि घामातून पाणी जातं, असं मी शोधून सांगितल्यावर ते दिवसभर खूश होते. पण तो अर्धा किलो न्याहारीबरोबर परत यायचा आणि आठवड्याअखेर काटा पुन्हा तिथेच. “थोडं थोडं सगळं कळतंय,” ते म्हणायचे, “मुख्य तेवढं कळत नाही.”

दुसऱ्या कुठल्या काट्यावर बघा म्हटलं तर ऐकायला तयार नाहीत. “दुसऱ्याच्या काट्यावर उभं राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या ब्रशने दात घासायचे.” त्यांची विजार घसरायला लागली होती हे मी दोनदा दाखवून दिलं. पट्ट्याला काकाने खिळ्याने नवं भोक पाडून दिलं होतं. “कापड सैल पडतं, कातडं ताणतं,” बाबा म्हणाले. “काटा लोखंडाचा आहे.”

महिने असेच गेले आणि घरातली हवा बदलली. आईने बाबांचे खिसे तपासायला सुरुवात केली. शेजारच्या बेकरीवाल्याला विचारून झालं. बाबांना ते कळलं आणि ते स्वतःच खिसे उलटे करून दाखवायला लागले, हे मला जास्त लागलं. आत्याने मात्र आडपडदा ठेवला नाही. रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने उशीला टेकत विचारलं, “किती?”

“शहाण्णव,” बाबा म्हणाले.

“लहानपणी साखरेचा डबा लपवायला लागायचा मला, आठवतं? तुझ्या जिभेपुढे तुझं काही चालत नाही. जाऊ दे. उद्या मी डॉक्टरांना सांगते, माझं नाव प्रतीक्षा यादीत टाका. कुणा परक्याची मिळेल तेव्हा मिळेल.”

“ताई, मी चोरून खात नाही गं.”

“नसशील खात. पण माझ्याकडे तेवढा वेळ नाहीये.”

ती यादी किती लांब असते हे सगळ्यांना माहीत होतं. परत येताना बाबा अख्ख्या रस्त्यात खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी रात्रीचं जेवणच सोडलं, आणि चौथ्या दिवशी एका गोदामाच्या जिन्यात त्यांना घेरी आली. हमालांनी धरलं म्हणून बरं. मला इतकी भीती वाटली, की मी त्यांच्यावर ओरडले.

त्याच संध्याकाळी दुकानात व्यायामवर्गाच्या बाई आल्या. आल्या म्हणजे घुसल्या. त्यांच्या मागून एक माणूस त्यांचा काटा उचलून आणत होता. बाबा खुर्चीत लिंबूपाणी घेत बसले होते आणि मी त्यांच्यावर पहारा करत होते.

“मागच्या आठवड्यात तुमच्याकडून दुरुस्त करून नेला,” बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “तेव्हापासून माझ्या वर्गातल्या झाडून सगळ्या बायका जाड झाल्यात. एकजात! दोघींनी वर्ग सोडला, एक रडली. आणि माझंसुद्धा वाढलंय. माझं वाढत नसतं!”

बाबांनी ग्लास खाली ठेवला. कपाटाखालून सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं ओढली, वीस वीस किलोची, आणि मी नको नको म्हणत असताना तीन उचलून त्या काट्यावर ठेवली. साठ दिसायला हवे होते. काटा चौसष्टच्या जरा पुढे जाऊन थांबला. त्यांनी एक वजन काढलं. चाळीसच्या जागी त्रेचाळीस. बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला.

“हा बिघडलेला नाही,” ते हळूच म्हणाले. “बिघडलेला काटा वेडावाकडा चुकतो. हा नीट हिशेबात चुकतोय. कुणीतरी मन लावून चुकीचा लावलाय याला.”

मग ते उठले आणि तीच तीन वजनं कोपऱ्यातल्या आपल्या काट्यावर ठेवली. चौसष्टच्या जरा पुढे. तंतोतंत.

बाबा काकाकडे वळले. “हे काटे तू कशावर लावतोस रे?”

काका पेचकस हातात धरून उभा होता. “तुझ्यावर,” तो म्हणाला.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. काकाची कंबर धरल्यापासून लोखंडी वजनं उचलणं त्याला जमत नव्हतं. माणसांचा काटा तयार झाला की तो हाक मारायचा, “दादा, जरा उभा राहा,” आणि बाबा फोनवर बोलत बोलत, पाव मिनिट उभे राहून पुढे जायचे. काका काटा शहाण्णववर आणून झाकण लावायचा. वर्षानुवर्षं चाललेलं. दाराची कडी रोज लावणारा माणूस कडीचा काय विचार करणार? आणि आपला कोपऱ्यातला काटा? तिथे बाबा रोज सकाळी आपसूकच उभे राहायचे. काका समोर बसलेला असायचा. आकडा जरा खाली दिसला की बाबा बाहेर पडल्यावर तो आतला स्क्रू केसभर फिरवून ठेवायचा. बाबा हळूहळू उतरत होते, इतके हळू, की दर खेपेला केसभर पुरायचं.

“म्हणजे माझं वजन वाढलेलं नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले.

“मग तुम्ही सावकाश भांडा,” म्हणून त्या स्टुलावर बसल्या.

भांडायला खरं म्हणजे मी तयार होते. मला काकाचा असा संताप आला होता, की तो पेचकस हिसकावून घ्यावा. तिकडे आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली, इकडे बाबा उपाशी, आई खिसे चाचपतेय आणि हा आपला रोज सकाळी स्क्रू फिरवतोय! पण बाबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते काट्यापुढे मांडी घालून बसले होते आणि काकाला सांगत होते, “उघड. आता लोखंडावर लाव.” काकाने झाकण काढून स्क्रू उलटा फिरवला. साठाला साठ आले, ऐंशीला ऐंशी. मग बाबांनी चप्पल काढली आणि वर उभे राहिले.

काटा नव्वदच्या अलीकडे थांबला.

बाबा खाली बघत राहिले. “मी सहा किलो होतो कुठे इतके दिवस?” ते म्हणाले आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना काट्यावरच बसावं लागलं. आई आवाज ऐकून जिन्यावर आली होती. तिला सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर ती पायरीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. आत्याला मी फोन केला. तिने पहिल्यांदाच माझं बोलणं मधे न तोडता ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे तो चोरून खात नव्हता?”

“नाही, आत्या.”

“यादीत नाव टाकायला सांगितलंय मी. उद्या थांबवते. आणि त्या धाकट्याला घेऊन ये. मला बघायचंय त्याला.”

सकाळी आम्ही सगळेच इस्पितळात गेलो. आत्या वजनाच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती, हाताला पट्टी, चेहरा पिवळा. काका तिच्यासमोर शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला.

“तुला कळलं कसं नाही रे?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “रोज त्याला बघतोस. पट्ट्याला भोक तू पाडलंस. तरी स्क्रू फिरवतच राहिलास?”

“काटे बिघडतात, ताई,” काका म्हणाला. “रोज एक तरी येतो बिघडलेला. दादा कमी होईल असं माझ्या मनातच आलं नाही.”

सिस्टरने बाबांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. बाबा काट्यावर चढले, सिस्टरने वाकून बघितलं आणि एकोणनव्वद म्हणून सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. काका न विचारताच आत गेला. गुडघ्यांवर बसून त्याने काट्याच्या खाली डोकावलं, चारी पाय जमिनीला टेकलेत का ते बोटांनी चाचपलं आणि आकड्याकडे परत एकदा बघितलं. सिस्टर काही बोलणार तेवढ्यात आत्याने बाहेरूनच तिला हाताने थांबवलं.

“काटा बरोबर आहे,” काका म्हणाला. “दादाच कमी झालाय.”

आणि तिथेच, काट्याला धरून, तो हमसून हमसून रडायला लागला. बाबा अनवाणीच खाली उतरले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.