टॉवर दिसला की तीन हजार

उपनगरातल्या एका छोट्या विमानतळावर मी हवेची नोंद घ्यायचे. दर अर्ध्या तासाने ऑफिसच्या गच्चीवर जायचं, कुठपर्यंत दिसतंय ते बघायचं आणि खाली येऊन आकडा पाठवायचा. त्यासाठी खुणा ठरलेल्या होत्या. पाण्याची टाकी दिसली तर एक किलोमीटर, बंद गिरणीची चिमणी दिसली तर तीन. पायलट यायचा तो या आकड्याच्या भरवशावर.

मग एका बिल्डरने मध्येच टॉवर ठोकला आणि चिमणी त्याच्यामागे गडप झाली. नवी खूण मोजून द्या, असा मी तीनदा अर्ज केला. तिसरा तर साहेबांनी न वाचताच परत सरकवला.

"चिमणीच्या जागी टॉवर धरा ना, मॅडम. कशाला उगाच डोक्याला ताप?"

टॉवर चिमणीच्या निम्म्या अंतरावर होता, हे शेंबडं पोरही सांगेल! माझं डोकं असं फिरलं की त्या दिवशी डबा तसाच भरलेला घरी नेला. पण ऑफिसात तोच रिवाज पडला. टॉवर दिसला की तीन हजार मीटर. नवीन लागलेल्यांना आम्ही तसंच शिकवलंसुद्धा.

थंडीतल्या एका सकाळी देवनारच्या कचरा डेपोकडून धूर आला आणि धुक्यात कालवला गेला. घसा खवखवत होता, डोळ्यांना पाणी. टॉवर जेमतेम दिसत होता. मी बिल्डरला शिव्या घातल्या, साहेबांना घातल्या, खाली आले आणि तीन हजार पाठवले.

आलेल्या छोट्या विमानाला धावपट्टी दिसली ती फार उशिरा. अर्धी पट्टी मागे टाकून ते टेकलं आणि शेवटी टोकाच्या गवतात घुसून थांबलं. माणसं धड होती, एवढंच नशीब. साहेब लगेच फोनवर सांगू लागले, "आमचा रिपोर्ट बरोबर होता." मला तो फोन हिसकावून फेकून द्यावासा वाटला.

तेवढ्यात पायलट आत आला. पन्नाशीचा असेल. मी साहेबांच्या देखत त्याला सगळं भडाभडा सांगून टाकलं: चिमणी, टॉवर, तिन्ही अर्ज. साहेबांचं तोंड उतरलेलं बघून मला बरं वाटत होतं.

पायलटने साहेबांकडे पाहिलंच नाही.

"म्हणजे आकडा पाठवताना तुम्हाला माहीत होतं, ताई?" त्याने मला विचारलं.