तिरकं ठिगळ

असले अनुभव मी वाचते, पण विश्वास कधी ठेवला नाही. कोणीतरी काहीतरी विसरलेलं असतं, नाहीतर खोटं बोलत असतं, असंच वाटायचं. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायची सवय कमी... जे झालं तेवढंच लिहिते.

१९९३ चा मे महिना. डोंबिवली ईस्टला दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन, घरात मी आणि आई. बाबा मोहन्याला फॅक्टरीत होते. त्याच्या दोन वर्षं आधी हार्ट अटॅकने गेले. मी सहावीत असताना खडवलीच्या घराच्या जुन्या सागवानी दारातून त्यांनी मला अभ्यासाचं टेबल करून दिलेलं. फक्त रविवारी बसायचे, पाच महिने लागले.

गॅसचा सिलिंडर आत नेताना त्या टेबलाच्या कडेवर आपटला आणि बोटभर टवका उडाला. दोन दिवसांत आईची साडी तिथे तीनदा अडकली.

"देऊन टाकू कोणाला तरी," आई म्हणाली. "तसंही ते समोर असलं की मला काही सुचत नाही."

"मी करते ना दुरुस्त."

"तू? तुला पेन्सिलीला धड टोक काढता येत नाही!"

बाबा तुटलेल्या कडेत लाकडाचा तुकडा बसवायचे. त्याला ठिगळ म्हणायचे. मला वाटायचं, ठिगळ फक्त कपड्यांना असतं. "सरळ कापलंस तर जोड दिसतो गं," ते सांगायचे, "तिरकं काप."

मला तिरकं जमेना. शनिवारी त्यांच्या पटाशीने मी चौकोनी खाच तासली, उरलेल्या दाराचा चौकोनी तुकडा गोंद लावून बसवला आणि परकराच्या नाडीने आवळून बांधला. आई शेजारी बसून बघत होती. "बरं दिसतंय," म्हणाली. दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही कल्याणला मावशीकडे गेलेलो. कुलूप मीच लावलं, दुसरी चावी आईच्या पर्समध्ये होती. चार वाजता परत आलो. नाडी तशीच होती, गाठही माझीच. सोडली — आणि खाली चौकोन नव्हता. तिरका जोड... लाकडाच्या रेषेला रेष जुळलेली. बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. माझा चौकोनी तुकडा खिडकीत पडलेला. कोरडा, गोंदाचा डागही नाही.

"आई, मी सरळ कापलेलं."

"माहितीये. बघत होते ना मी." ती खाली बसली. बराच वेळ त्या जोडावर हात ठेवून होती. मग म्हणाली, "आपण कशाला गेलो गं कल्याणला?"

टेबल द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या बाजूची कड तुटलेली दिसली. खाली खलबत्त्यातला बत्ता पडलेला.

"आई, हे काय?"

"लागलं असेल काहीतरी," ती वर न बघता म्हणाली. रविवारी तिनेच काढलं, "चल, मावशीकडे जाऊन येऊ." तिथे नीट जेवली नाही. दोनलाच निघालो. मावशी चिडली, "अगं, घरी काय दूध उतू जातंय का?"

कुलूप आईने उघडलं, अजिबात आवाज न करता. चप्पल न काढता टेबलापाशी गेली. कड तशीच होती, तुटलेली.

"ऊन लागलं मला," म्हणाली आणि आत जाऊन पडली.

मेमध्ये काय झालं, ते मला अजून समजलेलं नाही. ती दुसरी कड मीही दुरुस्त केली नाही, आणि आईला काही विचारलं नाही. बाबांची पटाशी मात्र ती हल्ली हत्यारांच्या पेटीत ठेवू देत नाही. टेबलावरच असू दे म्हणते.