बीममधल्या सळया

आमच्या ह्यांचे गुडघे गेले तेव्हा ठरवलं, आता लोकांच्या परांचीवर चढायचं नाही. आपणच जुनं घर घ्यायचं, नीट करायचं, विकायचं, मग दुसरं घ्यायचं. आपल्या दोन खोल्या विकून आम्ही मखमलाबादकडे एक बैठं घर घेतलं. हे गवंडी, मी त्यांच्या हाताखाली. आणखी काय लागतं, असं वाटलं.

मधली भिंत पाडून तिथे बीम टाकला. त्याच्या सळयांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगा मी वळल्या, तारेने मीच बांधल्या. पंधरा दिवस गोणपाट गुंडाळून पाणी मारलं. मग ह्यांनी असं प्लास्टर केलं की डोळे मिटून हात फिरवला तर बीम कुठे संपतो ते कळू नये.

शाळेतल्या एका बाईंना घर पसंत पडलं. त्या उंच, म्हणून ओटा चार बोटं वाढवून दिला. पण त्यांच्या बँकेने परवाना असलेल्या इंजिनिअरचा दाखला मागितला.

इंजिनिअर आले. वर बघत म्हणाले, "काम झकास आहे मिस्त्री. आत काय आहे?"

"सोळा एमएमच्या चार सळया, साहेब."

"हे तुम्ही सांगताय. काँक्रीट ओतायच्या आधी बोलवायचं असतं. न पाहता सही कशी करू?"

"आमच्यात ओतायच्या आधी नारळ फोडतात, साहेब."

"मग सही नारळाचीच घ्या."

दोघंही हसले. रिंगा मी वळल्या, किती त्या मला पाठ आहेत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी नुसता चहा पुढे केला.

ते गेल्यावर ह्यांनी छिन्नी काढली. "बघायच्याच आहेत ना? दाखवतो. आपण खोटं नाय केलं काही." मी स्टूल धरलं. एवढं गुळगुळीत प्लास्टर, तुकडे माझ्या डोक्यावर पडत होते. चारही सळया दिसल्या तेव्हा ह्यांनी त्या फडक्याने पुसल्या.

आठ दिवसांनी इंजिनिअर पुन्हा आले आणि दारातच थांबले. "अहो, काय केलंत हे? न फोडता आतलं बघायचं मशीन असतं. मी त्याचंच विचारून आलो होतो. आता फोडलेल्या बीमवर कोणीच सही करणार नाही."

साहेब येताना दिसले म्हणून ह्यांनी सळया पुन्हा पुसल्या होत्या, हातात अजून फडकं होतं.

बाईंनी दुसरीकडे फ्लॅट घेतला. त्यांच्यानंतर दोघं आले, वर बघून गेले. हे आता एका परवानावाल्या ठेकेदाराकडे रोजाने जातात, तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर. संध्याकाळी मी गुडघ्यांना तेल लावते. आम्ही ह्याच घरात राहतो. ओटा मला उंच पडतो, पाटावर उभी राहून भाकरी थापते. मान वर केली की तो खड्डा दिसतो. घरात सिमेंट आहे, थापी आहे. बुजवा, असं मी म्हटलं नाही आणि ह्यांनीही तो बुजवला नाही. मी वळलेल्या एका रिंगेला गंज धरलाय.