कडकबाईचं लंगडं पिल्लू

आमच्या समोरच्या गाळ्यात कडकबाई इस्त्री करायची. खरं नाव होतं तिला, पण ते तिच्या नवऱ्यालासुद्धा आठवावं लागायचं. कॉलरला अशी खळ घालायची की शर्ट अंगात चढला की माणूस आपोआप ताठ बसायचा, म्हणून कडकबाई. नवरा सायकलवरून गाठोडी आणायचा, पोचवायचा, आणि वाटेत जो भेटेल त्याच्याशी गप्पा हाणायचा. गाळ्यामागे एक खोली, आणि त्या खोलीत सासू, पडून.

सासू न्हाणीघरात घसरली होती. खुब्याचं हाड जोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, यांना चालवा, उचलू नका. नवऱ्याने काठी आणली, खाली रबराचं बूच असलेली. पण म्हातारी काठी धरून उठणार म्हणजे अर्धी सकाळ गेली. इकडे टेबलावर कपड्यांचा डोंगर. मागून हाक यायची, "अगं ए!" की कडकबाई इस्त्री उभी करून "आले, आले" म्हणत आत. सासूला लहान मुलासारखी उचलायची, बसवायची, पुसायची, की परत बाहेर. वर्षानुवर्षं हेच. म्हातारीचे पाय थांबले ते थांबलेच, तोंड मात्र पायांच्या वाटणीचंही चालायचं. काठी दाराआड उभी. तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नाही.

मग सासू गेली. शेवटी शेवटी महिनाभर गाळा बंदच होता. येणारा-जाणारा म्हणायचा, "सुटली बिचारी. तूही सुटलीस बाई." ही म्हणायची, "हं." नणंद गळ्यात पडून रडली, तर हिने तिच्या पाठीवरून हात फिरवला, चादरीवरची सुरकुती काढावी तसा. डोळ्यांत टिपूस नाही. बाया कुजबुजल्या, दगड आहे नुसती. दगड नव्हती ती. आत काही हलतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार? ताट पुढे आलं की जेवायची, अंथरूण घातलं की पडायची. मागून हाक येत नाही हेही तिला कळलेलं नव्हतं. घरचेच कपडे करताना मध्येच इस्त्री उभी करून वाट बघायची, आणि परत आडवी करायची.

गाळा उघडला त्या सकाळचीच गोष्ट. शटर वर ढकललं, अर्ध्यावर अडलं, तिने जोर लावला. वर कुठेतरी करकर झालं आणि डोक्यावर काड्या, पिसं, दोऱ्याची गुंतवळ असं सगळं पडलं. बंद गाळ्याच्या शटरच्या पेटीत साळुंक्यांनी घरटं घातलं होतं. एक पिल्लू चिरडलं. दुसरं पायरीवर पडलं, चोच वासून, एक तंगडी भलतीकडे वळलेली.

कडकबाईने आधी केर काढला. काड्या एका बाजूला, मेलेलं पिल्लू कागदात. तेवढ्यात जिवंत होतं ते ओरडलं, आणि तिच्या तोंडून आपसूक गेलं, "आले, आले."

नवरा म्हणाला, "घे! आत्ता कुठे मोकळी झालीस, तर लगेच गळ्यात नवं लोढणं. ठेव तिकडे भिंतीवर, त्याची आई बघेल."

"मांजर बघेल," ती म्हणाली आणि पिल्लू उचललं.

जुन्या बनियनींची टोपली केली. उकडलेल्या अंड्याचे कण चिमटीत धरून चोचीत घातले. मग तंगडी. केरसुणीची काडी मोडली, मलमलीची चिंधी फाडली, घट्ट खळीत बुडवली, गुंडाळली, आणि इस्त्री लांबून धरून वाळवली. कॉलर उभी राहते तशी तंगडी उभी राहिली.

गिऱ्हाइकांना गंमत. एकजण म्हणाला, "काय कडकबाई, ह्यालाही खळ घातलीत? घडी करून परत देणार का?"

दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर पिल्लाने शिटलं. तो चिडला. हिने शर्ट पुन्हा धुतला, पुन्हा इस्त्री केली, हसली नाही की सॉरी म्हणाली नाही.

पिल्लाचं खाणं म्हणजे राक्षसाचं. सारखी चोच वासलेली. नवरा तोंडाने शिव्या देत होता आणि सायकल थांबवून गवतातले नाकतोडे पकडून आणत होता, काडेपेटीत भरून. गप्पा मारायला नवा विषय मिळाला होता ना त्याला. पिसं फुटली, अंग भरलं. पट्टी होती तशीच. कडकबाई रोज बोटांनी चाचपायची, टणक आहे ना, हललेली नाही ना. बस.

एक दिवस नणंद आली, आईचे कपडे वाटून टाकायला. टोपलीत सहज हात घातला आणि म्हणाली, "अगं वहिनी, ह्याचा पंजा बर्फ झालाय!"

"नाही गं. रोज बघते मी."

"हात लावून बघ तरी!"

कडकबाईने बोटांत पंजा धरला. काहीच कळलं नाही. इतकी वर्षं इस्त्रीला बोट लावून ताप बघणारी बाई, बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली. त्या बोटांना ना गरम कळायचं ना गार. मग तिने पंजा ओठाला लावला. गार होता. उजेडात नेऊन पाहिला, काळा पडला होता.

जनावरांच्या डॉक्टरणीने ओल्या कापसाने पट्टी भिजवून सोडवली. पंजा सुकलेल्या काडीसारखा. "पिल्लू वाढतं, पट्टी वाढत नाही," ती म्हणाली. "त्यात खळ वाळली की आवळते."

"माहीत आहे," कडकबाई म्हणाली. "कॉलर मी नेहमी बोटभर सैल ठेवते."

पंजा काढावा लागला. मग डॉक्टरीण म्हणाली, "एका पायावर उभं राहायला शिकलं तर बाहेर जगेल. नाही शिकलं तर नाही. पडलं की उठू द्या त्याचं त्याला. उचलत बसू नका."

हे कडकबाईने पूर्वी ऐकलेलं होतं.

घरी आली. पिल्लाला बसायला आडवं काहीतरी हवं होतं. हँगरच्या दांडीवरून घसरत होतं, खुर्चीची कड जाड पडत होती. मग ती आत गेली आणि दाराआडची काठी घेऊन आली. प्लॅस्टिक फाडलं, वर दोरा गुंडाळला पकडीसाठी, आणि दोन स्टुलांवर आडवी ठेवली. खाली चादरींचा ढीग.

पिल्लू बसलं, कललं, पडलं. ढिगात उताणं, पंख फडफडवत, गळा फाडून ओरडत. कडकबाईने इस्त्री उभी केली. "आले" तोंडाशी आलं होतं. ती स्टुलाशेजारी जमिनीवर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"अगं, उचल की त्याला!" नवरा दारातून म्हणाला.

"नाही."

"घसा फुटेल त्याचा!"

"फुटू दे."

नवरा स्वतः पुढे झाला, तर ती म्हणाली, "हात लावलास तर बघ." तसा तो बाहेर गेला आणि सायकलची घंटी उगाच वाजवत बसला.

बऱ्याच वेळाने पिल्लू उलटलं, थोट्या पायाचा टेकू घेतला, चोच चादरीत रोवली आणि उठलं. काठीवर चढता येईना तेव्हा पंख मारले. दुसऱ्या दिवशी तेच, त्यानंतरही तेच. रोज पडायचं, रोज ओरडायचं, आणि ही हातांवर बसून राहायची. कपडे तुंबले, गिऱ्हाइकं कुरकुरली. एकाने विचारलं, "आमचे कपडे कधी?" तर म्हणाली, "हे उभं राहिलं की." पिल्लू काठीवर टिकायला लागलं ते जरा तिरकं, भिंतीवरच्या वाकड्या तसबिरीसारखं. मग काठीवरून टेबलावर, टेबलावरून शटरच्या कडेवर. बाहेर तारेवर साळुंक्या भांडत असायच्या, तिकडे मान वाकडी करून ऐकत बसायचं.

आणि एका दुपारी गेलं. काही मोठं झालं नाही. ती बाहीची घडी घालत होती, फर्र झालं. मान वर केली तर काठी रिकामी. तारेवर चार-पाच बसल्या होत्या, त्यात एक तिरकी.

नवरा पळत आला. "गेलं? तेच का गं ते?"

"असेल."

"असेल काय? बघ तरी नीट!"

तिने बाही पुरी केली, मगच पाहिलं. तार हलली तेव्हा बाकीच्या नुसत्या बसून राहिल्या आणि तिरकीने पंख उघडून तोल सावरला. "तेच आहे," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नणंद पुन्हा आली. काठी तशीच स्टुलांवर होती, शिटेने पांढरी झालेली, दोऱ्यावर नखांचे ओरखडे. नणंदेचा चेहरा बदलला. "वहिनी, ही आईची काठी ना गं? काय घाण करून ठेवलीस!"

कडकबाईने इस्त्री उभी केली. काठी उचलली, मधोमध दोरा विस्कटला होता तिथून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही कळलं की नाही, देव जाणे.

"वापरली," ती म्हणाली.

नणंदेला आधी कळलं नाही. मग कळलं असावं, कारण ती स्टुलावर बसून रडायला लागली. कडकबाई रडली नाही. काठी तिने दाराआड नाही, बाहेर शटरजवळ उभी केली. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी त्या काठीने पेटीवर ठोकायची, कान देऊन थांबायची, आणि मगच हळूहळू उचलायची.